ताग्याची वरची घडी

कानबाई देवी सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जनाला गेली आणि मागे तिच्या प्रसादाचे अर्धा डबा रोट उरले. रोट उरले की ते घरच्यांनीच संपवायचे, हा खानदेशाचा कायदा, आणि सुरतेत येऊन पन्नास वर्षं झाली म्हणून तो काही बदलत नाही. भाऊबंदकीबाहेर घास जाता कामा नये आणि वायाही जाता कामा नये. त्यामुळे भूक असो नसो, दुपारी एक वाजता गोडादऱ्याच्या त्या दोन मजली घरात सगळे पुन्हा ताटावर बसले होते. चंचल वाढत होती, आणि प्रत्येक ताटापाशी वाकताना तिच्या मनात एकच येत होतं, की या घरातली ही शेवटची कानबाई.

घर विकायचं ठरत आलं होतं. दलाल वाल्मिक चार वाजता येणार होता, बानाखताचा, म्हणजे विक्रीच्या कराराचा, दिवस पक्का करायला. त्याआधी भाऊबंदांनी एकदा समोरासमोर बसून 'हो' म्हणायचं, मग मागे फिरणं नाही, असं चेतनने, तिच्या नवऱ्याने, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यासाठीच त्याचे श्रीरंगकाका, म्हणजे आप्पा, कानबाईचं निमित्त करून नंदुरबारकडून आले होते. चंचलला आप्पांचा राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

कारण हे सगळं नानांसाठी चाललं होतं. नाना म्हणजे तिचे सासरे, लोटू; ते अजून नदीवरून परतले नव्हते. बहात्तर साली उकाईच्या धरणात सावरपिंपरी गेली, तेव्हा गावातल्या बाकीच्यांनी मिळाले ते प्लॉट घेतले आणि वसाहत करून राहिले. नाना तेवढे नवी नवरी आणि एक ट्रंक घेऊन सुरतेला आले आणि छपाईच्या मिलमध्ये साड्यांची डिझाइनं काढायला लागले. जन्मभर कोयऱ्या, वेली आणि मोर काढले. रविवारी मात्र सायकल काढून दिवसदिवस कुठेतरी जायचे, आणि पुढच्या रविवारी अगाशीत पाठमोरे बसून आपल्यापुरतं रंगवायचे.

त्यासाठी त्यांनी पहिल्याच पगारातून एक कोरा सुती तागा घेतला होता. शंभर मीटरचा, मीटरमीटरच्या घड्या घातलेला. एका घडीवर एक चित्र, मिलमधल्या उरल्यासुरल्या रंगांचं, वर्षाला दोनेक. वाळलं की घडी मिटायची, वरून पट्टी बांधायची आणि तागा पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. कोणी पाहुणा आला आणि म्हणाला, "नाना, चित्र दाखवा ना," तर चेतन पेटी उघडायचा आणि वरची घडी दाखवायचा. वरच्या घडीवर सावरपिंपरी होती. देवळाचं शिखर तेवढं पाण्याबाहेर, कडुनिंब कमरेपर्यंत बुडालेला, मागे डोंगर. "नाना अजून गावातच राहतात हो," असं म्हणून पाहुणा चहा प्यायचा.

नाना स्वतः काही म्हणायचे नाहीत. ते इतके कमी बोलायचे, की चंचल लग्न होऊन आली तेव्हा पहिला महिनाभर तिला वाटलं होतं, सासऱ्यांना ऐकू येत नाही.

या उन्हाळ्यात धरणाचं पाणी आटलं, देवळाचा चौथरा उघडा पडला, आणि आप्पांनी त्याचा फोटो पाठवला. नानांनी तो दहा मिनिटं पाहिला आणि फोन मुकाट्याने परत दिला. चेतनने त्याच दिवशी मनाशी ठरवलं. घर विकायचं, वसाहतीत आप्पांच्या शेजारी बांधायचं. नानांना विचारलं तर ते आपल्या अहिराणीत म्हणाले, "तुना मनमा शे तं जाऊत." एवढंच.

चंचल फक्त एकदा 'नाही' म्हणाली होती. चेतन आवाज न चढवता म्हणाला होता, "ज्या माणसाने जन्मभर गाव काढलं, त्याला शेवटी तरी गाव देऊ की नको?" खाली तिची सहा शिलाई मशीनं होती, ब्लाउज शिवायला येणाऱ्या सहा बायका होत्या, मुलगी किरण बारावीला होती. तिकडे गेल्यावर ती चेतनची बायको होणार होती. इथे गल्लीच्या टोकापर्यंत तिला चंचलबेन म्हणत. हे सगळं एका म्हाताऱ्या माणसाच्या गावापुढे ठेवायला तिची जीभ उचलली नव्हती. आठवड्यापासून तिला जेवण जात नव्हतं आणि हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"वहिनी, तू नाही बसत?" नणंद रुपालीने विचारलं. रुपाली सुरतेतच, पर्वत पाटियाला राहायची. लग्न झालेली लेक, म्हणून तिच्या ताटात रोट नव्हते, वेगळा शिरा होता.

"बसते, ताई. तुमचं होऊ दे."

"माझं काय होणार? रोट खायला मी परकी, आणि बापाचं घर विकायला मात्र माझी सही पाहिजे." रुपाली हसून म्हणाली, पण हसू पुरतं नव्हतं. महिन्यापूर्वी ती चंचलच्या बाजूची होती. मग चेतनने तिला फोटोची गोष्ट सांगितली आणि ती रडून त्याच्या बाजूला गेली. आता ती नक्की कुठे आहे हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"सही तर माझीही पाहिजे," सुभद्राबाई म्हणाल्या. चंचलच्या सासूबाई. "मला कोणी विचारलं?"

"माय, तुला विचारलं ना," चेतन म्हणाला.

"तू विचारलं नाहीस, सांगितलंस. मी म्हटलं, जिथे हे तिथे मी. दुसरं काय म्हणणार? बुडत्या गावातून ट्रंक डोक्यावर घेऊन निघाले तेव्हाही हेच म्हटलं होतं."

"तुमचं मन काय म्हणतं, आत्याबाई?" चंचलच्या तोंडून निघून गेलं.

सुभद्राबाईंनी रोटाचा तुकडा आमटीत बुडवला आणि खाल्ला. "माझ्या मनाला कोण विचारतंय. कढी वाढ."

आप्पांचं जेवण झालं होतं. हात धुऊन ते ताग्याच्या पेटीपाशी येऊन बसले. शहात्तरीचा माणूस, पण आवाज अजून खणखणीत. "चेतन, पेटी मी आजच्या गाडीने घेऊन जातो. सामान मागून आलं तरी चालेल. वसाहतीत सभागृह बांधलंय, त्याच्या भिंतीला लावू. शाळेतली पोरं विचारतात, आजोबा, तुमचं गाव कसं होतं. सांगून सांगून किती सांगणार?"

"घेऊन जा ना, आप्पा. तुमचंच आहे."

"लावण्याआधी एकदा बघून घेतो. शंभर मीटर गाव आहे म्हणजे आपलं घर असेलच. माय ओट्यावर बसून तांदूळ निवडायची, ते कोणत्या घडीत असेल?" त्यांनी पेटीच्या झाकणावर हात ठेवला. "तिचा फोटो नाही ना एकही."

चेतनने पेटी उघडून तागा काढला, पट्टी सोडली. वरची घडी उघडी पडली. शिखर, कडुनिंब, डोंगर. आप्पा तिच्यावर वाकून बराच वेळ बघत राहिले आणि मग खालच्या घडीला हात घातला.

"आप्पा, नको." चेतनने त्यांचा हात धरला. "तागा उकलायचा नाही. घडी मोडली की पुन्हा तशी बसत नाही. बाजारात हजार तागे येतात, व्यापारी वरचीच घडी बघतो. वर जे, तेच आत."

चेतन पंचवीस वर्षं मिलच्या फोल्डिंग खात्यात होता. त्याच्या हाताखालून ताग्यांचे डोंगर गेले होते आणि कधी एकही उकलून बघायची वेळ आली नव्हती. आप्पांनी हात मागे घेतला. मिलच्या माणसापुढे गावचा माणूस काय बोलणार.

चंचल हातात कढीचं पातेलं घेऊन उभी होती. तिला स्वतःलाही कळलं नाही ती का बोलली. कदाचित आप्पांच्या त्या माय शब्दाने. "मी तर पूर्ण उकलल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही."

"म्हणजे?" चेतनने विचारलं.

"म्हणजे गिऱ्हाईक म्हणतं, नवं कापड आहे, बिनधास्त कापा. मी तरी टेबलावर सगळं पसरते. आत कुठे डाग असतो, कुठे विणकर चुकलेला असतो. इतक्या लांब न्यायचं, भिंतीला लावायचं, आणि आत कसर लागलेली निघाली तर? अहो, बघून घ्या ना एकदा. मी पुन्हा घडी घालून देईन, एक रेघ हलू देणार नाही."

"बरोबर बोलतेय ती," आप्पा म्हणाले. या घरात आप्पांनी चंचलची बाजू घेतली, अशी ही पहिलीच वेळ.

तिने पातेलं ठेवलं, पदराला हात पुसले, आणि तागा खाली नेऊन शिवणाच्या लांब टेबलावर ठेवला. सगळे मागोमाग आले. सुट्टी होती, मशीनं झाकलेली होती. चंचलने वरची घडी उचलून डावीकडे टाकली.

खाली पाणीच होतं. पण देऊळ नव्हतं. रुंद नदी, लांब पूल, काठावर पायऱ्या, आणि पायऱ्यांवर धुणाऱ्या बायका. कोपऱ्यात नानांच्या बारीक अक्षरात साल, चौऱ्याहत्तर.

"हा डक्का ओवारा आहे," रुपाली म्हणाली. "सुरतचा."

"एखादं असेल," चेतन म्हणाला. "पुढे बघ."

पुढे उधन्याचे मागाचे कारखाने, पत्र्याच्या छपरांची रांग, मागे सूर्य. त्यापुढे डुमसचा काळा समुद्रकिनारा आणि त्यावर एकटी मक्याची गाडी. त्यापुढे रांदेरच्या बाजूने दिसणारी तापी, होड्यांसकट. चंचल घडीमागून घडी टाकत गेली. कापड टेबलावरून खाली उतरलं, मशीनांच्या मधून गेलं, जिन्यापाशी पोचलं. रुपालीने पुढचं टोक उचलून धरलं, नाहीतर ते पायाखाली आलं असतं. उत्तरायणातलं पतंगांनी भरलेलं आकाश. हजीऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या, संध्याकाळी, लांबून, एखाद्या गावच्या पाणवठ्यासारख्या शांत. दोन हजार सहाच्या पुरात बुडालेला रस्ता, एका दुकानाच्या पाटीपर्यंत पाणी. आणि लगेच पुढच्या घडीत तोच रस्ता, चिखल धुतलेला, दुकान उघडं, दाराला आंब्याचं तोरण.

आप्पा प्रत्येक घडीवर वाकून बघत होते आणि दर वेळी सरळ होताना थोडे जास्त म्हातारे दिसत होते.

पर्वत पाटियाचा पूल आला, वर गाड्या आणि खाली गाठोडी वाहणारे टेम्पो. मग त्यांचीच गल्ली आली. घरं एकाला एक चिकटलेली, दोऱ्यांवर साड्या वाळत घातलेल्या. आणि रंगवलेल्यांपैकी शेवटून दुसऱ्या घडीत हेच घर. खालच्या दारातून पिवळा उजेड बाहेर येतोय, आत मशीनवर वाकलेली एक बाई, चेहरा दिसत नाही, पण अंबाड्यात खोचलेली सुई दिसते. ती सवय चंचलची होती. सासूबाई त्यासाठी तिला रोज रागवायच्या. चंचलचा हात तिथेच थांबला. या माणसाने तिच्याशी पंचवीस वर्षांत पंचवीस वाक्यं धड बोलली नसतील.

"म्हणजे गाव एकच?" आप्पा म्हणाले. "शंभरात एक?"

दारात सायकलची घंटा वाजली. विसर्जन झालं तरी नाना एकटेच नदीवर बसून राहिले होते, दर वर्षीसारखे. धोतराची कड ओली होती. त्यांनी आत पाहिलं, टेबलापासून जिन्यापर्यंत गेलेल्या आपल्या पन्नास वर्षांकडे पाहिलं, आणि चप्पल काढून बाजूला ठेवली. कापडावर पाय पडू नये म्हणून ते दारातच उभे राहिले.

"दादा, हाई काय शे?" आप्पांचा आवाज चिरला. "मी वसाहतीत सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ गाव काढतोय. पन्नास वर्षं सांगतोय. तू सगळी सुरत काढलीस?"

नाना म्हणाले, "गाव एकदाच बुडनं, श्रीरंग. मी एकदाच काढं."

"बस?"

"ते काढलं तेव्हा आठ दिवस जेवलो नाही. विचार तुझ्या भाबीला. पुन्हा काढलं असतं तर पुन्हा बुडवावं लागलं असतं." एवढं बोलून ते दमले असावेत, पण थांबले नाहीत, आणि हे घरात कधी झालं नव्हतं. "पहिली दोन वर्षं मी नदीकडे पाठ करून बसायचो. तिने गाव नेलं म्हणून. मग एकदा वाटलं, जे पाणी गावावरून येतं ते इथवर येतं, आणि इथली माणसं त्यात धुणं धुतात. मग वळून बसलो. सुरतने मला ठेवून घेतलं. कोणी विचारलं नाही, कुठला, कोण. म्हणून जाऊन जाऊन बघत गेलो, कसं आहे ते."

"मग तो फोटो इतका वेळ का बघत होतात?" चेतनने विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता. "देवळाचा?"

"कडुनिंब शोधत होतो. नाही दिसला."

"आणि मी विचारलं तर 'जाऊत' म्हणालात."

"माले वाटनं, तुले सुरतना कटाळा उना. मिलमध्ये तू दमतोस. म्हटलं, पोराच्या मनात आहे तर जाऊ. मी कुठेही बसून रंगवीन."

चेतन टेबलाच्या कडेला टेकला. त्याने आधी हात तोंडावर ठेवला, मग डोळ्यांवर, आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. रुपालीला वाटलं रडतोय, ती धावली, पण तो हसत होता. "नाना, मला कुठे जायचंय? मला रात्री झोप नाही तीन महिने. त्या वसाहतीत मी करणार काय होतो? बाजारात दोन मित्र आहेत माझे, तेवढेच."

"मग बोलला का नाहीस?" सुभद्राबाई म्हणाल्या.

"माय, तू बोललीस?"

"मी बोलणार होते. वाल्मिक आला की त्याच्यासमोर बोलणार होते." त्या एका घडीपाशी वाकून बसल्या होत्या, पुरानंतरच्या तोरणाच्या. "त्रेपन्न वर्षं या माणसाला स्वयंपाक करून वाढला, आणि मी बी वरनीच घडी देखी. पेटीला रंगाचा वास येतो म्हणून जवळ गेले नाही. माझंच चुकलं."

चंचल शिवणाच्या स्टुलावर बसली. तिला भयंकर भूक लागली होती.

आप्पा मात्र पहिल्या घडीपाशी उभे होते, एकटे. बाकीचे हसायला लागले तसे ते जास्तच एकटे दिसत होते. चंचलला ते बघवेना. भाऊ सुरतेचा निघाला, आता पोरांना कोणतं गाव दाखवायचं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. नानांनीही ते पाहिलं असावं. कापडाच्या कडेकडेने, तोल सांभाळत ते भावापाशी आले.

"पोरी," ते चंचलला म्हणाले, "तुनी कातर आण."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं आणि तिने चेतनकडे पाहिलं. आख्ख्या ताग्याला कात्री लावणं म्हणजे फोल्डिंगवाल्याच्या काळजाला हात. चेतन क्षणभर घुटमळला आणि मान हलवून हो म्हणाला.

"पूर्ण उकललाय ना?" नानांनी विचारलं.

"पूर्ण, नाना."

"मग काप. पहिली घडी. श्रीरंगची आहे ती. मी इतकी वर्षं सांभाळली फक्त."

कात्री सुती कापडातून सरळ गेली. आवाज तेवढा झाला, बाकी काही नाही. चंचलने सावरपिंपरी चौघडी करून, जुन्या पण स्वच्छ ओढणीत गुंडाळून आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी ती छातीशी धरली आणि काही तरी पुटपुटले. मग नानांना म्हणाले, "त्या कडुनिंबाच्या डावीकडे जी काळी रेघ आहे, पाण्यालगत..."

"आपला ओटाच तो. मायचा."

आप्पांनी मान हलवली, दोनदा. मग बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले आणि ओढणीची गाठ सोडून पुन्हा बघायला लागले. त्यांना तिथे कोणी हाक मारली नाही.

चार वाजता वाल्मिक आला, वही काखेत घेऊन. सुभद्राबाईंनी त्याला दारातच गाठलं. "बस भाऊ, चहा घे. रोट देत नाही, तो भाऊबंदांचा. आणि घरही देत नाही, तेही भाऊबंदांचंच. राग मानू नको." वाल्मिकला आधी गंमत वाटली, मग तो चेतनकडे बघायला लागला. चेतन म्हणाला, "माय बरोबर बोलतेय. तुमच्या पार्टीची मी स्वतः माफी मागतो." वाल्मिकने कुरकुर केली, पण चहा घेतला आणि बिस्किटंही चार खाल्ली.

चंचलने आधी जेवून घेतलं. उरलेले सगळे रोट, कढी, गंगाफळाची भाजी, एकटीने, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून. डबा पुसून ठेवला आणि मगच ती खाली आली. नाना टेबलापाशी स्टुलावर बसले होते. ती घड्या घालायला लागली आणि तिने शब्द दिला होता तशी एक रेघ हलू दिली नाही. गल्ली मिटली, पूल मिटला, पूर मिटला. शेवटी वर डक्का ओवारा आला, धुणाऱ्या बायकांसकट. तिने त्यावरून पट्टी बांधली.

"नाना," ती म्हणाली, "खाली दोनच घड्या कोऱ्या राहिल्यात."

"ठाऊक शे."

चेतन वाल्मिकला वळणापर्यंत सोडून आत येत होता. नानांनी त्याला थांबवलं. नाना एक्क्याऐंशी वर्षांचे होते, डाव्या हाताला थोडा कंप होता, आणि जिना चढताना त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागायचं.

"उद्या कामावरून येताना एक कोरा तागा आण," ते म्हणाले. "सुती. शंभर मीटरचा."